गुप्तहेराचा कोट

मराठीत रहस्यकथा लिहिणारे पुष्कळ झाले. पण एकही न लिहिता त्या विषयातला अधिकारी झालेला माणूस मी एकच पाहिला, आणि ते आमचे टेलरमास्तर होते. खून कुणाचा करावा, कुणी करावा, प्रेत कुणाला सापडावं, याचा त्यांनी अकरा वर्षं विचार केला. या अकरा वर्षांत त्यांच्या कादंबरीतला एकही माणूस मेला नाही. बाकीच्या लेखकांनी तेवढ्या काळात डझनावारी माणसं मारली. मी ती सगळी वाचली आणि त्यातलं एकही प्रेत मला आज आठवत नाही. मास्तरांची माणसं मात्र अजून आठवतात, छातीच्या घेरासकट.

गंगावेशीतून आत वळलं की एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दोन मशीन, एक उभा आरसा, भिंतीला लाकडी खुंट्या. एका मशीनवर मास्तर आणि दुसऱ्यावर त्यांचा मेव्हणा. मेव्हणा दिवसातून चार-पाच वाक्यं बोले, त्यातली तीन चहाविषयी असत. मास्तर अंगानं काटकुळे, गळ्यात टेप, कानावर खडू. ईदच्या नमाजाला जाताना टेप गळ्यातून निघे, पण शेरवानीच्या खिशात जाई. ते माणूस चेहऱ्यावरून ओळखत नसत, खांद्यावरून ओळखत. रस्त्यात मला पाठमोरा बघून हाक मारीत आणि मी वळून समोर आलो की क्षणभर हा कोण असं बघत. मी मराठी शिकवत होतो त्या शाळेचे हेडमास्तर छाती काढून चालत. त्यांच्या करारी व्यक्तिमत्त्वावर मुलांना निबंध लिहायला लावण्याइतकी त्या छातीची ख्याती होती. त्यांचा कोट पुढून नेहमी सैल का असतो, असं मी एकदा विचारलं, तर मास्तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "माप देताना श्वास सोडत न्हाईत ते. घरी गेल्यावर सोडत असतील की." हेडमास्तरांविषयी इतकं नेमकं मी त्याआधी काही ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही.

आमची ओळख झाली ती पुस्तकांमुळे. शाळा सुटल्यावर दोन तास मी आमच्या पेठेतल्या वाचनालयात पुस्तकं द्यायला बसत असे. मास्तर आठवड्याला दोन रहस्यकथा नेत आणि परत आणताना त्यात दोष काढून आणत. दोष म्हणजे भाषेचे किंवा कथानकाचे नव्हेत. कपड्यांचे. नायकानं कोटाच्या आतल्या खिशातून पिस्तूल काढलं, तर एवढं वजन पेलायला आत दुहेरी अस्तर लागतं, ते कुठं सांगितलंय? खुनी पावसात भिजून आला आणि कोटाला एक चुणी नाही, म्हणजे टेरिलिनचा असणार. मग पहिल्या प्रकरणात तो लोकरीचा कसा होता? अशा जागी ते समासात शिवणाच्या खडूनं फुली मारत, ट्रायलच्या वेळी कोटावर मारतात तशी. मी आधी तक्रार केली, मग सोडून दिली. कारण वाचक फुल्या असलेलीच पुस्तकं मागायला लागले. एका निवृत्त मामलेदारांनी तर फुलीचं पान आधी वाचून, चूक काय ते स्वतः शोधायचा छंद लावून घेतला. गुन्हेगारापेक्षा ती जास्त वेळ सापडत नसे, असं ते म्हणत.

एक दिवस मास्तरांनी एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यात छत्तीस फुल्या होत्या. ते म्हणाले, "सर, ह्या माणसास्नी कोट हाईत, पण खांदं न्हाईत. नुसतं खुंटीला अडकिवल्यागत हिंडाय लागल्यात. आता मलाच एक लिहायला पायजे."

माणसाला कादंबरी लिहायची इच्छा झाली तर तो बहुधा कागद आणतो. मास्तरांनी दुकानातली मापाची वही उघडली. उत्तम पात्रं कशी तयार करावीत याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं: माप घ्या, स्वभाव आपसूक येतो. आधी माप, मग कापणी, मग कच्चे टाके, मग ट्रायल, आणि ट्रायल झाल्यावर पक्की शिलाई. कादंबरीही ह्याच क्रमानं व्हायला पाहिजे. त्यांच्या मते बाकीचे लेखक माप न घेता थेट काज करायला बसतात.

त्या वहीत खऱ्या गिऱ्हाइकांच्या पानांमधूनच कादंबरीतली माणसं येऊ लागली. त्यांच्यासाठी वेगळी वही करा, असं मी सुचवलं, तर त्यांना ते भेदभावाचं वाटलं. ज्याचा खून व्हायचा तो शिरोळकडचा ऊस बागायतदार. छाती बेचाळीस, कंबर शेहेचाळीस, नेहरू शर्टाचा डावा खिसा खाली ओढलेला, कारण त्यात अडकित्ता. त्याचा भागीदार गगनबावड्याचा. त्याच्या कपड्यांना बारमाही दमट वास, आणि विजारीची उंची मुद्दाम दोन इंच कमी, चिखलातून चालायची सवय म्हणून. बागायतदाराचा पुतण्या तंग पँट घालणारा. एवढ्या तंग पँटीत माणसाला गुडघे वाकवता येत नाहीत, तेव्हा खिडकीतून आत उडी मारणारा हा नव्हे, असं मास्तरांनी त्याचं माप लिहितानाच ठरवून टाकलं आणि एक संशयित कमी केला.

बायकांचे कपडे मास्तर शिवत नसत. त्यामुळे कादंबरीत बाई नव्हती. हे त्यांच्या बायकोच्या, म्हणजे भाभींच्या कानावर गेलं. भाभी दुकानामागच्या घरात पोलकी शिवत आणि त्यांचं गिऱ्हाईक मास्तरांपेक्षा दांडगं होतं. त्या दारात येऊन म्हणाल्या, "एवढं मोठं घर, आन सकाळी झाडलोट कोण करतंय? मढं काय वाट बघत बसतंय व्हय?" मुद्दा बिनतोड होता. प्रेत सापडायला एक बाई हवीच, हे मास्तरांनी मान्य केलं. पण तिचं माप घ्यायला ते धजेनात. शेवटी ती जबाबदारी भाभींनी घेतली. आठवडाभरानं मास्तरांनी विचारलं, तर भाभी म्हणाल्या की माप घेतलंय, बाई चांगली आहे, पण बायकांची मापं मी कुणाला सांगत नाही. धंद्याची रीत आहे. मास्तरांनाही ती रीत मोडता येईना. वहीत त्या बाईच्या पानावर त्यांनी एवढंच लिहिलं: 'माप घरात आहे.' ज्या पात्राविषयी लेखकालाच काही सांगितलेलं नाही, असं पात्र मी दुसऱ्या कुठल्याही रहस्यकथेत पाहिलेलं नाही.

गुप्तहेर सगळ्यात शेवटी आला. त्याला मास्तरांनी तीन महिने दिले. उंची पाच फूट अकरा, छाती अडतीस, खांदा अठरा, आणि डावी बाही उजवीपेक्षा पाऊण इंच कमी. तरुणपणी तालमीत त्याचा डावा हात कोपरात मोडला होता आणि तो पुरता सरळ होत नव्हता. हा पाऊण इंच सुचला त्या दिवशी मास्तरांनी मला शाळेतून बोलावून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी मोठमोठ्या लेखकांच्या छायाचित्रांत शोधलं आहे. तिथं बहुधा नुसता हात हनुवटीला टेकवलेला असतो.

त्याच सुमारास वाचनालयात एका नामवंत प्राध्यापकांचं 'पात्रनिर्मिती : स्वरूप आणि प्रक्रिया' या विषयावर व्याख्यान झालं. परिचय पस्तीस मिनिटं चालला, त्यानंतर शाल, श्रीफळ आणि दोन हार. अध्यक्षांचा बंद गळ्याचा कोट मास्तरांनी शिवलेला होता, तो बसल्यावर कसा पडतो ते पाहायला ते दुसऱ्या रांगेत येऊन बसले होते. प्राध्यापकांनी पात्राच्या आंतरिक द्वंद्वापासून सुरुवात करून स्वतःच्या नव्या कादंबरीच्या नायकापर्यंत मजल मारली. प्रश्न विचारा म्हटल्यावर नेहमीप्रमाणे कुणी विचारेना, तेव्हा मास्तर उठले आणि तुमच्या नायकाच्या पँटीला खिसे किती, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. सभागृह हसलं. प्राध्यापकही हसले आणि हा तपशील गौण आहे, असं म्हणाले. मास्तर बसले नाहीत.

"मग तो हात कुठं ठेवतो?"

प्राध्यापकांनी आंतरिक द्वंद्वाकडे परत जायचा प्रयत्न केला. बोलताना त्यांचेच हात आधी टेबलावर, मग पाठीमागे, मग हाराशी गेले. आणि सगळी सभा त्यांच्या बोलण्याकडे लक्ष न देता हातांकडेच बघत राहिली.

अपघात झाला तो त्यानंतरच्या लग्नसराईत. मास्तर भाचीच्या लग्नाला चार दिवस सांगलीला गेले आणि दुकान मेव्हण्यावर सोपवून गेले. मेव्हणा नाव वाचत नसे, वहीतलं पान उघडून माप वाची. गारगोटीच्या एका सुभेदारांच्या मुलाच्या लग्नाचा सूट द्यायचा होता. उत्तम राखी रंगाचं कापड होतं. मेव्हण्यानं कोट कापला, शिवला, इस्त्री केला. पण शेजारच्या पानावरच्या मापानं. मास्तर परतले त्या दिवशी सुभेदार मुलाला घेऊन आले. मुलगा जेमतेम साडेपाच फूट, छाती चौतीस. त्यानं कोट घातला आणि आरशासमोर उभा राहिला. सुभेदारांनी आरशात पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. म्हणाले, "मास्तर, कोट आलाय. पोरगं कुठं हाय?"

दुसऱ्या कुणाचं असतं तर भांडण झालं असतं. मास्तरांनी हात जोडले, तसलंच कापड मिळवलं आणि तीन दिवसांत मुलाचा कोट मुलाच्या मापानं करून गारगोटीला स्वतः पोचवला. मेव्हण्याला ते एक शब्द बोलले नाहीत. उलट, परत आल्यावर त्या चुकलेल्या कोटाभोवती ते हळूहळू दोन फेऱ्या मारून आले. पाऊण इंच कमी असलेली डावी बाही त्यांनी बोटांनी चाचपली. आणि मला म्हणाले, "सर, कापणी झाली की ओ."

म्हणजे आता फक्त ट्रायल राहिली. कोट आरशाशेजारच्या खुंटीवर गेला आणि तिथंच राहिला. कुणी विचारलं, तर ते सांगत की एका गिऱ्हाइकाचा आहे, यायचाय. तो कोट कुणाच्या तरी अंगात नीट बसलेला, चालताना-वळताना दिसला पाहिजे. त्याशिवाय पहिली ओळ लिहायची नाही, असा त्यांचा निश्चय. ऐपतदार माणसांनी कोट मागितला, त्यांनी दिला नाही. उसवून लहान करून द्यायलाही तयार झाले नाहीत. वर्षातून दोनदा भाभी त्याच्या खिशात कडुलिंबाचा पाला घालत. त्यामागं प्रेम होतं की थट्टा, ते मला ओळखता आलं नाही.

तोवर मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. आधी सुईत दोरा ओवायचं काम भाभींकडे गेलं, मग टेपवरचे आकडे मेव्हणा वाचून दाखवू लागला. मिरजेचे डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणत होते. मास्तरांच्या थोरल्या भावाचा डोळा अशाच शस्त्रक्रियेत गेला होता. त्यामुळे ते घाबरत होते. आणि घाबरतो म्हणायच्या ऐवजी, पहिलं पान झालं की जाऊ, असं म्हणत होते. दिसतंय तोवर सुरुवात व्हायला पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं होतं. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो, असं मी किती वेळा म्हणालो. त्यावर उत्तर ठरलेलं: आधी ट्रायल.

आणि एका दुपारी गिऱ्हाईक आलं. मी तिथंच बाकावर पेपर वाचत बसलो होतो. चाळिशीचा एक उंच माणूस शर्टाचा फाटलेला खिसा शिवून घ्यायला दारात उभा राहिला. मास्तरांना त्याचा चेहरा धूसरच दिसला असणार. पण मागून उजेड होता आणि खांदे स्पष्ट होते. त्यांची मशीन थांबली. त्या माणसाचा डावा हात कोपरात किंचित वाकलेला होता.

"पावणं, जरा ह्यो कोट घालून बघा."

"माझा न्हवं ह्यो."

"तुमचा न्हवं ते मला ठाव हाय. घाला."

कोट बसला. पाठीवर चुणी नाही, खांद्याला झोळ नाही, डावी बाही मनगटावर जिथं यायची तिथं आली. मास्तर खडू घेऊन, डोळे अगदी जवळ नेऊन त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि फुली मारायला जागा न सापडून खडू त्यांनी परत कानावर ठेवला. मग चौकशी सुरू झाली. माणूस गूळ मार्केटमध्ये एका अडत्याकडे तोलाईवर होता. हात तालमीत मोडला नव्हता, लहानपणी तो आंब्यावरून पडला होता. मास्तरांनी ते मोठ्या मनानं चालवून घेतलं आणि मुख्य प्रश्न विचारला: एका घरात मालकाचा खून झालाय, सगळी रडायला लागलीत, तुम्ही तिथं गेलात, तर आधी काय बघाल?

त्या माणसाला यात विचित्र काही वाटलं नाही. त्यानं जरा विचार केला. "म्हशी हायत काय त्या घरात?"

"हायत," मास्तर म्हणाले. तोवर वहीत एकही म्हैस नव्हती.

"मग आधी वैरण टाकीन. मालक मेला ते त्यास्नी काय ठाव? आन वैरण आधीच टाकलेली असली, तर कुणी टाकली ते इचारीन."

मी रहस्यकथा गाडाभर वाचल्या आहेत. तपासाचा इतका चांगला पहिला प्रश्न मला एकीतही भेटला नव्हता. मी मास्तरांकडे पाहिलं. ते मात्र खाली बघत होते. त्या माणसानं कोट घातला होता खरा, पण हात कुठं ठेवावेत ते त्याला समजत नव्हतं. एक हात खिशापर्यंत गेला, परत आला आणि शेवटी मोठ्या माणसासमोर उभं राहावं तसे त्यानं दोन्ही हात पोटावर बांधले.

"कोट बसलाय," मास्तर हळूच मला म्हणाले, "माणूस अजून कोटात न्हाय." मग त्याला म्हणाले, "घिऊन जावा. वापरा. अंगात मुरू दे. महिन्याभरानं दावायला या."

नको नको म्हणत तो माणूस कोट घेऊन गेला आणि महिन्याभरानं आला नाही. दोन महिन्यांनीही नाही. रिकाम्या खुंटीवर मास्तरांनी दुसरं काही अडकवू दिलं नाही. मिरजेची तारीख एकदा पुढं गेली, दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा भाभींनी पिशवी भरून दारात ठेवली. उद्या निघायचं, असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी वेळ काढून गूळ मार्केटला गेलो. माझा त्या कादंबरीवर फारसा विश्वास होता असं नाही. पण अकरा वर्षं एखादा माणूस एका ओळीसाठी थांबलेला बघितला की आपणही थोडं चालावं, असं वाटतं.

तो दिसला. गुळाच्या रव्यांच्या थप्पीशेजारी उभा होता, अंगात तोच राखी कोट, कोपरांना गुळाचे डाग, एक बटण गेलेलं. दोन शेतकऱ्यांचं वजनावरून भांडण चाललं होतं आणि हा मध्ये न पडता काट्याच्या दांडीकडे बघत होता. मी त्याला हाक मारली नाही. तसाच दुकानात आलो आणि मास्तरांना सांगितलं. त्यांनी बाकीचं काही विचारलं नाही.

"हात कुठं हुतं?"

"खिशात. दोन्ही."

 मास्तरांनी मेव्हण्याला वही काढायला सांगितली, गुप्तहेराचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "लिवा सर." मी पेनचं टोपण काढलं. ते सांगत होते आणि मी त्यांच्या बोलीचं वहीच्या मराठीत करत होतो. माझा जन्मभराचा धंदाच तो. ओळ अशी झाली: 'त्यानं आधी म्हशींना वैरण घातली.' त्यांनी ती मला दोनदा वाचायला लावली. ऐकताना ते मान तिरकी करून, नवी कॉलर बघावी तसे हवेत बघत होते. मग म्हणाले, "बसतीया."

शस्त्रक्रिया नीट झाली. जाड भिंगांचा चष्मा आला. सहा महिन्यांनी ते रस्त्यात मला समोरून ओळखू लागले, हे मला काही दिवस चुकल्यासारखं वाटत होतं. पुढची ओळ कधी, असं मी विचारी, तर म्हणत, सुरुवात चांगली बसलीय, घाईनं उसवायला नको. ते आणखी चार वर्षं होते. कादंबरी त्या एका ओळीची राहिली आणि त्यामुळे शिरोळचे ते बागायतदार अजून हयात आहेत.

मास्तर गेल्यावर भाभींनी ती वही माझ्याकडे पाठवून दिली. मेव्हणा घेऊन आला आणि चहा न घेता गेला. दुकानाच्या रीतीप्रमाणे, कपडा गिऱ्हाइकाला पोचला की पानाच्या तळाशी 'दिला' असं लिहायचं. गुप्तहेराच्या पानावर ते आहे. 'तालमीत' खोडून 'आंब्यावरून' केलेलं आहे. बागायतदार, भागीदार आणि पुतण्या यांच्या पानांचे तळ कोरे आहेत.

'माप घरात आहे' असं जिथं लिहिलं होतं, ते पान मात्र आता भरलेलं आहे. अक्षर भाभींचं, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं, गोल आणि सावकाश काढलेलं. सहा आकडे आहेत. ते कुणाचे असावेत, ते मला कळत नाही आणि विचारणं बरं दिसलं नसतं. आकड्यांच्या खाली एक ओळ सोडून त्यांनी लिहिलंय: 'हिनं काही केलेलं न्हाय.'

मी ते तसंच मान्य केलं आहे.